ऐकलेलं आपल्यापाशीच राहू द्या

शुगर लँडमधल्या मराठी माणसाचा सहकारी नुसता सहकारी राहत नाही. ऑफिसात शेजारी बसणारा संध्याकाळी आपल्याच वसाहतीत गाडी वळवतो, त्याची मुलगी आपल्या मुलीबरोबर मराठी शाळेत जाते, गणपतीत आरतीचं तबक त्याच्या हातून आपल्या हाती येतं. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येचं हे गाव इम्पीरियल शुगरच्या कारखान्याभोवती वाढलं. तिथलं साखरेचं शुद्धीकरण २००३ साली थांबलं. आज इथल्या कितीतरी घरांची चूल तेल, वायू आणि त्यांच्याशी जोडलेल्या अभियांत्रिकीवर पेटते.

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरच्याही खाली बंद झाला, तेव्हा या घरांमधली भीती मनाचे खेळ नव्हती. माणूस एच-वन-बी व्हिसावर असेल तर नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडवलेला, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणं म्हणजे त्याचं म्हणणं ऐकायचं टाळणं. त्याच्या धास्तीला कारण आहे, हे आधी मान्य करावं.

पण भीती कारणापेक्षा मोठी होत जाते तेव्हा तो आजार असू शकतो. पहाटे तीनला जाग, मीटिंगआधी छातीत धडधड, पाठवलेला ईमेल पुन्हा पुन्हा उघडून पाहणं. अशा वेळी प्रेमापोटी आपण त्या सहकाऱ्याचं प्रेझेंटेशन स्वतः करून टाकतो. त्याला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होते, कारण जे टाळलं ते जमलं असतं हे त्याला कळतच नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत त्याच्यासमोर बसून त्याचं प्रेझेंटेशन ऐकावं. सुरुवात त्याने करावी, अडला तर पुढचं आपण घ्यावं. आणि विचारावं, ‘माझी कशात मदत होईल?’ उत्तर यायला वेळ लागला तर थांबावं.

माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर लागते: ऐकलेलं आपल्यापाशी ठेवण्याची. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्वविषयक कायदा पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला लागू होतो. तीव्र चिंताविकारही त्याच्या कक्षेत येऊ शकतो. कामात वाजवी सवलत मागता येते, आणि त्यासाठी दिलेली वैद्यकीय माहिती गुप्त ठेवणं कंपनीला बंधनकारक असतं. त्याने विश्वासाने आपल्याला जे सांगितलं, त्याला मात्र हे बंधन लागत नाही. ‘त्याचं हल्ली जरा बरं नाही’ एवढं वाक्य शनिवारच्या जेवणात निघालं की सोमवारपर्यंत ते साऱ्या मराठी मंडळात पोचतं. मग तो माणूस ऑफिसातही एकटा पडतो आणि आरतीतही. मदतीला गेलेल्या माणसांनीच हे केलेलं असतं, वाईट हेतू नसताना. म्हणून घरी जोडीदाराशी बोलायचं झालं तरी आधी त्याची परवानगी घ्यावी.

आणखी एक गैरसमज आपणच पसरवतो: मानसोपचार घेतले की ग्रीन कार्ड अडतं. तसं नाही. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजारासोबत स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असं वर्तन आहे का, हे पाहतात. चिंतेवर उपचार घेतले, एवढ्याने कुणी अपात्र ठरत नाही. अनेक कंपन्यांच्या कर्मचारी साहाय्य योजनेत समुपदेशनाच्या काही भेटी मोफत असतात, आणि तिथे काय बोलणं झालं हे साहेबाला सहसा कळवलं जात नाही. ही माहिती त्याला द्या. पहिला फोन करताना हवं तर शेजारी बसा.

गुप्ततेला अपवाद एकच. जगण्यात अर्थ उरला नाही असं तो म्हणाला, तर त्याला थेट विचारा की जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि तेव्हा गुपित राखत बसू नका. जीव तत्काळ धोक्यात असेल तर ९११ ला कळवा. एरवी ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. जुलै २०२२ पासून हा क्रमांक देशभर, दिवसरात्र चालू आहे.