चाळीस ताटं

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहरात सकाळी दहानंतर कपभर चहा मिळणंही मुश्कील. दुकानांची शटरं खाली, रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस. प्रशासन स्थानिक सुट्टी देतं खरं, पण दिली नसती तरी कुणी कामावर फिरकलं नसतं. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि शेजारचं बीदर, एवढ्या पट्ट्यात येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, माणूस शोधायचा तर शेतातच. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात. रब्बीची ज्वारी निसवून दाणा भरत असतो, हरभऱ्याला घाटे आलेले असतात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग दिवस मावळेपर्यंत जेवायचं आणि जेवू घालायचं.

औशाकडच्या एका मोठ्या घराण्यातली ही गोष्ट. थोरले अण्णा गावी शेत बघतात, बाकीचे भाऊ लातूर, सोलापूर, पुणे असे पांगलेले. त्यांची आई, जिला नातवंडंही माय म्हणतात, 85 च्या पुढची. एका साली अमावास्या नाताळच्या सुट्टीत आली, म्हणून सगळ्यांनी यायचं ठरलं. नियोजन बंटीने अंगावर घेतलं. बंटी 34 वर्षांचा, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, पण घरात अजून बंटीच.

त्याचा हेतू चांगला होता, हे आधी सांगायला हवं. येळवसेच्या आदल्या रात्री घरातल्या बाया झोपत नाहीत, हे तो लहानपणापासून बघत आला होता. भज्जीचे दाणे सोलायचे, पालेभाज्या निवडायच्या, उंडे उकडायचे, भाकरी थापायच्या, आंबील आंबली की नाही ते बघायचं. आणि सकाळी पुरुष मंडळी आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन ऐटीत निघणार. बंटीने आईला त्या रात्रीनंतर दिवसभर कोपीत डुलक्या घेताना पाहिलं होतं. म्हणून त्याने केटरर ठरवला. 40 ताटं. मग ग्रुपवर तासातासाचा तक्ता टाकला. ज्येष्ठांसाठी भजन आणि खुर्च्या, लहानांसाठी जादूचे प्रयोग, तरुणांसाठी क्रिकेट, महिलांसाठी संगीत खुर्ची. प्रत्येक वयाला काही ना काही. खाली ओळ: कुणीही काहीही करायचं नाही, फक्त एन्जॉय करा.

फोन स्पीकरवर होता. मायने तक्ता ऐकून घेतला आणि विचारलं, “मंग म्या काय करू?”

“माय, तू नुसतं बसायचं.”

“बसते की,” माय म्हणाली. म्हातारी माणसं जेव्हा इतक्या पटकन कबूल होतात, तेव्हा तरुणांनी जरा थांबून विचार करावा. बंटीने पुढचा फोन लावला.

येळवसेच्या दिवशी सगळं तक्त्याबरहुकूम झालं. पूजा झाली, जादूगार आला, कबुतर काढून गेला. मुलं अर्धा तास खूश होती, मग ‘आता काय’ म्हणून बंटीभोवती घुटमळू लागली. सोलापूरची कॉलेजात जाणारी पुतणी गाडीत एसी लावून मोबाइलमध्ये. म्हातारे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एका रांगेत, एस्टीची वाट बघत बसावं तसे. सगळ्यांत अवघडलेल्या होत्या तिन्ही काकू. रात्रभर झोप झाली होती, अंगावर काठापदराच्या साड्या होत्या, आणि आपल्याच शेतात पाहुण्यासारखं कुठे बसावं ते त्यांना सुचत नव्हतं.

कामात होते एकटे अण्णा. बांधावर उभं राहून ते दरवर्षीप्रमाणे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत होते. “या की ओ पाव्हणं, जेवून जावा!” मोटारसायकलवरचे दोघे आले, शेजारच्या शेतातलं अख्खं कुटुंब आलं, गावातले मास्तर आले, मेंढ्या चारणारा म्हातारा आला. त्या भागात या दिवशी वाटसरूला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बंटीने हे लहानपणी शंभरदा पाहिलं असेल. तक्त्यात मात्र त्याला रकाना नव्हता.

दीडच्या सुमाराला केटररचा पोरगा कानाशी आला. “भाऊ, आठ ताटं राहिलीत. आन घरचे अजून बसलेच न्हाईत.”

बंटी अण्णांकडे धावला. “काका, आता कुणाला बोलावू नका. मोजून सांगितलंय जेवण.”

अण्णांना राग आला नाही, नवल वाटलं. “येळवसेला मोजून?” एवढंच म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

केटररला फोन लावला तर त्याच्याकडचं कुणीच शहरात नव्हतं. सगळे आपापल्या शेतात. बंटी कोपीमागे जाऊन उभा राहिला. तिथे माय होती, खुर्ची सोडून जमिनीवर बसलेली. ती काही समजुतीचं बोलली नाही. “सालगड्याच्या बायकोकडं ज्वारीचं पीठ असंल, बेसन बी असंल,” ती म्हणाली, “आन हरभरा तर समोर उभा हाय. पोरं रिकामीच हायेत.”

पुढचा तासभर तिथे कसलंच नियोजन नव्हतं, नुसती आरडाओरड होती. मुलांना हरभऱ्यात सोडलं. निम्मे घाटे त्यांनी तिथेच खाल्ले. तुरीच्या शेंगा तोडून आणल्या आणि सोलायला जावईबापू बसले. बँकेतला माणूस, पण नोटा मोजलेला हात सोलायला भलताच चपळ निघाला. तीन दगडांची चूल पेटली. थोरल्या काकूंनी पदर खोचला आणि वळून हुकूम सोडला, “पाणी कोण आणतंय? नुसते उभे काय राहिलाव?” मधले काका, ज्यांना घरी पाण्याचा पेलाही हातात लागतो, घागर उचलून विहिरीकडे निघाले.

भज्जी शिजेपर्यंत सगळ्यांना थोपवायला हुरडा हवा होता. मायला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. दहा वर्षांचा पणतू कणसं मोडून तिच्या हातात देत होता आणि ती दाण्यात नख रुतवून निवाडा करत होती. दुधाचा थेंब उडाला की कोवळं, नख रुतलंच नाही की निबर, मधलं असेल ते आगटीत. पाचव्या कणसाला पणतू स्वतःच नख लावून सांगू लागला आणि माय त्याच्या चुका काढू लागली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं फिरवायला गाडीतली पुतणी आली होती. धुराने डोळे चुरचुरत होते तरी जागा सोडेना. भाजलेलं कणीस गरम असतानाच चोळावं लागतं, गार झालं की दाणे चिवट. म्हणून चोळणाऱ्याला खायला फुरसत नसते. भजनासाठी बसवलेले दोघे म्हातारे घोंगडीवर कणसं चोळत होते, आणि एक चिमुरडी आळीपाळीने त्यांच्या तोंडात मूठमूठ हुरडा कोंबत होती. मेंढक्या म्हातारा जेवून निघालेला, तोही परत फिरून घोंगडीशी बसला.

भज्जीत बेसन जरा जास्त झालं, चिंच कमी पडली. आंबील मात्र केटररने पुरेशी दिली होती आणि चांगली दिली होती. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून तरुण पोरं पिकाच्या कडेने धावली, तेव्हा क्रिकेटचा संच पिशवीतच होता.

भांडी घासताना बंटी आईशेजारी बसला. “तुला आराम मिळावा म्हणून केलं होतं गं सगळं.”

“मिळाला की,” ती म्हणाली. “रात्री झोपले न् निवांत. पण सकाळपासून असं वाटलालतं, की कुणाच्या लग्नाला आलाव आन वळखीचं कुणीच न्हाई.” मग तिने एक पातेलं त्याच्याकडे सरकवलं. “हे बुडाला लागलंय. जोर लाव.”

पुढच्या येळवसेला महिना उरला असताना ग्रुपवर बंटीचा नवा तक्ता आला. तासांचे रकाने गेले होते. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला काम. मधले काका: पाणी. जावईबापू: तुरी. पुतणी: आगटी. माय आणि पणतू: कणसांची पारख. अण्णा: रस्ता. स्वतः बंटी आणि चुलतभाऊ: आदल्या रात्री भाज्या निवडणे, दाणे सोलणे, उंडे वळणे. तिन्ही काकूंच्या नावांपुढे एकच काम होतं: रात्री दहाला झोपणे.

थोरल्या काकूंनी ते दोनदा वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. “झोपते मी. पण आंबिलाला मला इचारल्याबिगर कुणी हात लावला, तर बगा.”