चाप एकदा ओढला की अनेकदा?



अमेरिकेहून सुटीवर आलेली आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी मध्यंतरी मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हांला भेटली. बोलता बोलता तिने सांगितले, की तिच्या पहिलीतल्या मुलाला शाळेत एक कवायत करावी लागते. दिवे मालवायचे, दार आतून बंद करायचे, सर्वांनी कोपऱ्यात भिंतीशी बसायचे आणि अगदी खोकायचेसुद्धा नाही. बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचे, याची ही तालीम. पोराने घरी येऊन आईला मोठ्या अभिमानाने सांगितले, की सर्वांत जास्त वेळ मीच गप्प बसलो! मग तिने आम्हांला विचारले, "फादर, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंप स्टॉकवरची बंदी उठवली. ते कायद्यात बसत नाही म्हणे. मग त्यात काही वावगे नाही, असे समजायचे का?"

उभ्या उभ्या आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही. म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत.

बंप स्टॉक म्हणजे काय, हे आधी पाहू. रायफलचा जो भाग खांद्याला टेकवतात तो दस्ता. साध्या अर्धस्वयंचलित रायफलमध्ये एका वेळी चाप ओढला, की एक गोळी सुटते. दुसरी हवी तर चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. मूळ दस्ता काढून तिथे बंप स्टॉक बसवला, की गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने रायफल मागे सरकते. दुसऱ्या हाताने ती पुढे रेटून धरलेली असल्यामुळे लगेच पुढे येते, आणि जागच्या जागी धरलेल्या बोटावर चाप आपोआप आपटतो. बोट हलत नाही, रायफल हलते. अशा रीतीने मिनिटाला चारशे ते आठशे गोळ्या सुटू शकतात.

1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री लास व्हेगास शहरात एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने खाली चाललेल्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडल्या. त्याच्या अनेक रायफलींना हे साधन बसवलेले होते. सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या सुटल्या. त्या घटनेत 58 माणसे मेली. पुढे जखमांमुळे आणखी दोघे दगावले. गोळ्या लागून जखमी झालेल्यांची संख्या चारशेच्या वर होती.

आता कायदा. मशीनगनवर अमेरिकेत 1934 पासून निर्बंध आहेत, आणि 1986 पासून नवी मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. कायद्याने मशीनगनची व्याख्या केली ती अशी, की चापाच्या एका क्रियेने आपोआप एकाहून अधिक गोळ्या सोडणारे शस्त्र. बंप स्टॉक नेमका या शब्दांच्या शेजारून निघून जातो. 2010 साली सरकारच्या शस्त्रविषयक खात्याने, म्हणजे एटीएफने, तो केवळ सुटा भाग आहे, त्याला नियम लागू नाहीत, असे कळवले. ज्यांच्या हातांच्या हालचाली मर्यादित आहेत अशा लोकांसाठी हे साधन आहे, असे तेव्हा सांगण्यात आले होते. लास व्हेगासनंतर, डिसेंबर 2018 मध्ये, ट्रम्प सरकारच्या काळात त्याच खात्याने मत फिरवले. बंप स्टॉक म्हणजे मशीनगनच. नष्ट करा किंवा जमा करा. टेक्सासमधील मायकल कारगिल नावाच्या बंदूक विक्रेत्याने आपले दोन बंप स्टॉक जमा केले आणि सरकारवर दावा लावला. 14 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

पुष्कळांना वाटते, की हा निकाल शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्काचा होता. तसे नव्हते. वाद होता तो 'चापाची एक क्रिया' या शब्दांचा. निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्याही छापल्या आहेत. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस (तरुणपणी हे काही काळ सेमिनरीत होते) म्हणतात, की दर गोळीला चाप सुटतो आणि पुन्हा दाबला जातो, म्हणून क्रिया एक नव्हे, अनेक. न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांचे मत उलट. माणूस एकदा बोट टेकवतो, रायफल पुढे रेटतो आणि गोळ्या सुटत राहतात, मग हिला मशीनगन नाही तर काय म्हणायचे, असा त्यांचा रोख होता.

कोण बरोबर? आमचा कल वाचकांना एव्हाना कळला असेल. तरीही थॉमस यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकणार नाही. वर्षानुवर्षे जे खाते 'हे चालेल' म्हणत होते, त्याने एका नियमाने लाखो वस्तू बेकायदा ठरवल्या. त्या बाळगणाऱ्याला तुरुंग. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने त्यावर मतदान केलेले नव्हते. शिक्षेच्या कायद्याचे शब्द अधिकाऱ्याने हेतू पाहून ताणावेत, अशी मुभा एकदा दिली, की ती चांगल्या कामापुरती राहत नाही. उद्या तीच मुभा आपल्यावर उलटू शकते. अल्पसंख्य समाजाला हे निराळे सांगायला नको.

पण न्यायाधीशाने शब्दाशी बांधून राहणे वेगळे आणि ते शब्द चुकतील अशी वस्तू मुद्दाम घडवणे वेगळे. संत थॉमस अक्वायनस सांगतात, की कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी विवेकाने घालून दिलेली व्यवस्था. म्हणून जो कायद्याचे अक्षर पाळतो, पण कायदा करणाऱ्याच्या हेतूवर मात करू पाहतो, तो कायदा मोडतोच, असे त्यांचे मत आहे. प्रभू येशूने परुश्यांना 'कुर्बान'वरून सुनावले ते हेच. मिळकत देवाला वाहिली असे म्हटले, की आईबापांना पोसायला नको! नियम पाळला, आईबाप उपाशी. आपल्याकडेही ही विद्या आहे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून ताटात भरलेले पापलेट आणि कोळंबीचे कालवण! आम्हीही अशा पंगतींना बसलेलो आहोत, तेव्हा जास्त बोलत नाही. फरक इतकाच, की कोळंबीच्या पळवाटेने कुणाचा जीव जात नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभा नाकारत नाही. पण तो हक्क प्रमाणात वापरायचा आणि ज्याने हल्ला केला त्याच्याचपुरता वापरायचा. बंप स्टॉकने वेग वाढतो आणि नेम बिघडतो. घरात शिरलेल्या चोराला रोखायला नेम लागतो. नेम सोडून नुसता वेग कुठे उपयोगी पडतो? एक तर चांदमारीच्या मैदानावर मौज म्हणून, आणि बहुतेक घेणाऱ्यांनी तो मौजेखातरच घेतला असेल. दुसरी जागा म्हणजे गर्दी, जिथे नेम धरावाच लागत नाही. मौजेचा हक्क मोठा की गर्दीतल्या माणसांचा जीव, हे ठरवायला आकृत्या लागत नाहीत.

तेव्हा त्या भगिनीला आमचे उत्तर असे, की न्यायालयाने 'हे मशीनगन नाही' एवढेच म्हटले आहे, 'हे चांगले आहे' असे म्हटलेले नाही. बहुमतातल्याच न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी वेगळे टिपण जोडून सांगितले, की लास व्हेगासने कायदा बदलण्याची गरज दाखवून दिली आहे आणि काँग्रेस तो बदलू शकते. निकालानंतर चारच दिवसांनी सिनेटमध्ये बंदीचे विधेयक एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न झाला. एका सदस्याने हरकत घेतली आणि ते तिथेच अडले. काही राज्यांनी स्वतःचे बंदीचे कायदे केले आहेत. दरम्यान कारागिरी थांबलेली नाही. प्रत्येक गोळीनंतर चाप जोराने जागेवर ढकलणारी आणखी एक यंत्रणा निघाली. तिच्यावरचे खटले सरकारने मे 2025 मध्ये तडजोड करून मिटवले आणि काही अटींवर तिची विक्री मोकळी झाली. वाद पुन्हा त्याच 'एका क्रिये'चा.

अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने बंप स्टॉकवर बंदी असावी, असे यापूर्वीच जाहीरपणे म्हटलेले आहे. आपल्या धर्मग्रामातील काही घरांची मुले आता तिथली नागरिक झाली आहेत. त्यांना तिथे मत आहे आणि आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिण्याचा हक्क आहे. पुढच्या वेळी फोनवर बोलणे होईल तेव्हा हवापाण्याच्या गोष्टी झाल्यावर एवढे त्यांच्या कानावर घालावे.