डाव एकाचा, फासे दुसऱ्याचे

स्पर्धा चालवणारा आणि स्पर्धेत उतरणारा हे एकाच समाजातले, पुष्कळदा एकाच घरातले असतील, तर त्या स्पर्धेत न्याय शक्य आहे काय, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंग याच प्रश्नावर उभा आहे. त्या प्रसंगाची चर्चा बहुधा द्रौपदीच्या प्रश्नापासून सुरू होते आणि त्याआधी, डाव मांडला जात असतानाच, युधिष्ठिराने घेतलेली हरकत मागे पडते. धन आपण लावू आणि फासे आपल्या वतीने शकुनिमामा टाकील, असे दुर्योधनाने जाहीर केले तेव्हा एकासाठी दुसऱ्याने खेळणे आपल्याला विषम वाटते, असे युधिष्ठिराने स्पष्ट म्हटले, आणि तरीही तो खेळायला बसला. सभागृह धृतराष्ट्राने बांधून घेतलेले, निमंत्रण त्याचेच, प्रतिपक्ष त्याचाच मुलगा. हरकत ऐकून निर्णय देईल असा तटस्थ माणूस तेथे कोणी नेमलेलाच नव्हता.

वसई तालुक्यातील आगाशीत भवानीशंकराचे देवालय, मुनिसुव्रतस्वामींचे जैन तीर्थ आणि ख्रिस्ती वस्ती एकमेकांपासून फार दूर नाहीत. अशा गावातील एखाद्या मंडळाने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय या खेळाची स्पर्धा भरवायचे ठरवले, तर युधिष्ठिराची हरकत जशीच्या तशी पुढे येते. या खेळात सुमारे शंभर खेळाडू, बहुधा चौघाचौघांच्या पथकांत, एका नकाशावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकणारे पथक जिंकते. स्पर्धेसाठी आयोजक ‘कस्टम रूम’ तयार करतो, म्हणजे रूमचा आयडी आणि पासवर्ड ज्यांना कळवला त्यांनाच प्रवेश असलेली खासगी लढत. नोंदणी धाकट्याच्या नावाची आणि लढतीच्या वेळी फोन मात्र मुरलेल्या थोरल्या भावाच्या हातात, हा प्रकार आयोजकाला पडद्यावर दिसत नाही, कारण पडद्यावर फक्त टोपणनाव दिसते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. प्रेक्षक म्हणून रूममध्ये राहणाऱ्याला कोणते पथक कोणत्या घरात दडले आहे हे दिसू शकते, आणि ती माहिती एका फोनवरून ओळखीच्या पथकाला पोहोचवायला काही क्षण पुरतात. म्हणूनच जाणते आयोजक थेट प्रक्षेपण काही मिनिटे उशिराने दाखवतात. पण रूममध्ये प्रत्यक्ष बसलेल्या आयोजकाच्या मित्राला तो उशीर लागू होत नाही. शकुनीला फासे वश होते, या मित्राला नकाशा.

खरी कोंडी संशयाची आहे. महाभारत शकुनीच्या बहुतेक जयांपूर्वी कपटाचा उल्लेख करते, परंतु ते कपट नेमके कसे केले हे कोठेच सांगत नाही; बापाच्या हाडांचे फासे ही लोककथा आहे, संहितेतील मजकूर नव्हे. ऑनलाइन लढतीतही हीच अवस्था होते. नेम आपोआप लावणारे किंवा भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे अवैध सॉफ्टवेअर वापरल्याचा आरोप हरलेला प्रत्येकजण करू शकतो, आणि विलक्षण कुशल खेळ बाहेरून पाहणाऱ्याला तसाच दिसतो. पीओव्ही, म्हणजे खेळाडूने स्वतःच्या पडद्याचे केलेले चित्रण, मागवता येते; पण ज्या मुलाच्या फोनमध्ये लढत आणि चित्रण दोन्ही पेलण्याची ताकद नाही, त्याच्यावर हा नियम आरोपाआधीच अन्याय करतो. गरीब फोन हा पुरावा नव्हे, एवढे तरी नियमावलीत लिहिलेले असावे.

तक्रारीच्या या प्रश्नावर सर्वांत व्यवहारी विचार कौटिल्याने केला आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात द्यूताध्यक्ष या अधिकाऱ्याची व्यवस्था आहे: खेळ एकाच ठिकाणी चालावा, शुद्ध कवड्या व फासे अध्यक्षाने पुरवावेत, ते बदलणाऱ्याला बारा पण दंड व्हावा, कपटाने खेळणाऱ्याला दंड होऊन त्याने जिंकलेले काढून घ्यावे आणि जिंकलेल्या द्रव्याचा शेकडा पाच हिस्सा अध्यक्षाने घ्यावा. यातली खुबी अशी की अध्यक्षाचे उत्पन्न खेळ होण्यावर अवलंबून आहे, कोण जिंकतो यावर नाही. द्यूताचा खटला उभा राहिला तर हरलेल्याला जिंकलेल्यापेक्षा जास्त दंड करावा, कारण जिंकण्याची हाव असलेल्या त्या मूर्खाला पराजय सोसवत नाही, असे पूर्वाचार्यांचे मत होते. कौटिल्य ते खोडून काढतो आणि म्हणतो की तसे केल्यास राजाकडे कोणी फिरकणारच नाही. रडीचा डाव म्हणून हरलेल्याची तक्रार हसण्यावारी नेणाऱ्या आजच्या आयोजकांपेक्षा हा विचार पुष्कळ पुढचा आहे.

परंतु कौटिल्याचा अध्यक्ष राजाने नेमलेला परका अधिकारी आहे, आणि गावात परका पंच आणायचा कोठून? येथे आगाशीच्याच शेजारी नांदणाऱ्या दोन परंपरा उपयोगी पडतात. जैन विचारात कर्म तीन प्रकारे घडते: स्वतः केलेले (कृत), दुसऱ्याकरवी करवलेले (कारित) आणि दुसऱ्याने केल्यावर मान्य केलेले (अनुमत). आपल्या आळीच्या पथकाची लबाडी कळूनही गुणतक्ता तसाच जाहीर करणारा आयोजक तिसऱ्या प्रकारात सापडतो. आपण काही केले नाही, हे त्याचे उत्तर तेथे चालत नाही. ख्रिस्ती परंपरेत थॉमस अॅक्वायनसने तेराव्या शतकात, वाटप करताना योग्यतेऐवजी माणूस पाहणे हे न्यायाविरुद्धचे स्वतंत्र पाप मानले. दोन्ही विचारांत आयोजकाने नातीगोती टाकून द्यावीत अशी अपेक्षा नाही, आणि ती गावात शक्यही नाही. अपेक्षा इतकीच निघते की नात्याला निर्णयात शिरायला वाट राहू नये.

पैशाचा प्रश्न तुलनेने सोपा झाला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-क्रीडा आणि पैसे लावून खेळायचे खेळ यांत भेद केला असून, दुसऱ्या प्रकारावर, तो कौशल्याचा असो वा दैवाचा, बंदी घातली आहे. ई-क्रीडेत प्रवेशशुल्क चालते, मात्र ते प्रवेशापुरते किंवा व्यवस्थेच्या खर्चापुरते. खेळाडूंकडून गोळा केलेली रक्कमच विजेत्याला वाटण्याची जुनी पद्धत मंडळांनी सोडलेली बरी; बक्षीस देणगीतून यावे.

राहतो तो संशयित पथकाचा निर्णय. निर्दोषाला शिक्षा आणि दोषीची सुटका या दोन चुकांपैकी एक पत्करावीच लागते तेव्हा लहान गावात पहिली चूक अधिक घातक ठरते, कारण चोर म्हणून नाव पडलेल्या मुलाला त्याच रस्त्याने रोज जावे लागते. म्हणून पुरावा अपुरा असेल तर पथकाला बाद करू नये, ती लढत रद्द करून पुन्हा खेळवावी. आणि आयोजकाच्या घरचे कोणी मैदानात असेल तर रूमचा ताबा आणि तक्रारींचा निवाडा शेजारच्या बोळींज किंवा अर्नाळ्याच्या मंडळाकडे सोपवावा, हे नोंदणी सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावे.