पाटी त्याच्या हातीं द्या

शास्त्रपाठ : लूक 1:5-25 व 57-64



पक्षाघाताचा विषय निघाला म्हणजे आम्ही उपदेशक बहुधा मार्काचा दुसरा अध्याय उघडतों. चार जण एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून आणितात, छपराला भोंक पाडितात, आणि प्रभु त्यास उठवून घरीं पाठवितो. हा पाठ मोठा गोड आहे व तो मींहि पुष्कळ वेळां घेतला आहे. परंतु ज्या घरांत अर्धांगवायूचें दुखणें दोन दोन, चार चार वर्षें ठाण मांडून बसलें आहे, त्या घरच्या माणसांस तो वाचून दाखवितांना माझा आवाज थोडा खालीं येतो. त्या चौघांचा भार एका दिवसाचा होता; संध्याकाळपर्यंत बाज रिकामी झाली. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत, आणि तेथून पुढें मुरबाड-शहापूरच्या पाड्यांपर्यंत, ज्या बाजा रिकाम्या होत नाहींत त्यांविषयीं आज बोलावयाचें आहे. म्हणून मीं दुसरा पाठ निवडिला आहे.

जखऱ्या याजक मंदिरांत धूप जाळावयास गेला आणि मुका होऊन बाहेर आला. लोक वाट पाहत उभे होते. त्याच्या तोंडांतून शब्द निघेना. तो नुसता खुणा करीत राहिला. तेव्हांपासून पुत्राचा जन्म होऊन आठवा दिवस उजाडेपर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळ, त्या घरांत घरधन्याचा आवाज नव्हता.

येथें एक गोष्ट अगोदरच स्पष्ट केली पाहिजे. जखऱ्याचें मुकेपण हा पक्षाघात नव्हता. देवदूताच्या शब्दावर त्यानें विश्वास ठेविला नाहीं म्हणून तें आलें, असें शास्त्र स्वतःच सांगतें. यावरून कोणी असें काढूं नये कीं, मंडळींतील ज्या भावाची वाचा गेली त्याच्या पदरीं कांहीं गुप्त पाप असलेंच पाहिजे. योहानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांधाविषयीं असाच प्रश्न केला, आणि प्रभूनें तो तेथल्या तेथें मोडून काढिला. मेंदूकडे रक्त नेणारी नळी गुठळीनें बंद होते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग रक्तावांचून मरतो. यास पक्षाघात म्हणतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. शेजारणीच्या दृष्टीशीं त्याचा संबंध नाहीं.

तोंड वांकडें होणें, एक हात गळणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं कांहीं एकाएकीं दिसलें तर 108 क्रमांकास कळवून, मेंदूची सी.टी. स्कॅन जेथें होते अशा रुग्णालयांत तत्काळ न्यावें. गुठळी विरघळविणारें इंजेक्शन साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. प्रार्थना वाटेनें करावी. कबुतराच्या रक्ताची मालीश करणाऱ्याकडे नेण्यांत हे तास गेले, म्हणजे मग ते कोणी परत देऊं शकत नाहीं. परंतु आज माझें सांगणें त्या पहिल्या दिवसाविषयीं नाहीं, त्याच्या मागून येणाऱ्या वर्षांविषयीं आहे.

मेंदूची डावी बाजू दुखावली म्हणजे शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि बहुतेकांची भाषाहि मेंदूच्या डाव्या बाजूसच असल्यामुळें तीहि दुखावते. यास वाचाघात म्हणतात. असा मनुष्य वेडा झालेला नसतो. कोणास ऐकलेलें सर्व समजतें पण शब्द सांपडत नाहीं. पाणी मागावयाचें असतां तोंडांतून ‘चावी’ निघते, आणि तें चुकलें हें त्यालाहि कळतें, म्हणून तो संतापतो किंवा रडतो. कोणास दुसऱ्याचें बोलणें उमगावयासहि वेळ लागतो. लिहिणेंहि बहुधा तितकेंच अडतें. मात्र लहानपणीं पाठ केलेलें गीत असा मनुष्य कधीं कधीं सबंध गातो. घरच्यांस तो चमत्कार वाटतो, डॉक्टरांस वाटत नाहीं. दोघांनींहि देवाचे आभार मानण्यास हरकत नाहीं.

आतां आठव्या दिवसाकडे वळूं. शेजारीपाजारी व नातलग जमले. मुलाचें नांव काय ठेवावें हें त्यांनीं आपसांत ठरवूनहि टाकिलें होतें: बापाचेंच. आई अलीशिबा म्हणाली, नाहीं, योहान ठेवावें. त्यांस तें रुचलें नाहीं. तुझ्या गोतांत हें नांव कोणाचेंच नाहीं, असें ते म्हणाले, आणि मग त्यांनीं बापाला खुणा करून विचारिलें. खुणा कां? तो बहिराहि झाला असावा, असें कांहीं टीकाकार म्हणतात. असेल. परंतु ज्यानें आजाऱ्याच्या खोलींत बसून भेटीस येणारांस पाहिलें आहे, त्याला दुसरेंहि उत्तर सुचतें. वाचा गेली कीं कानहि गेले असें धरून चालणारे लोक आजहि आहेत. कोणी आवाज चढवितो. कोणी तान्ह्या बाळाशीं बोलावें तसें बोलतो. कोणी तर त्याच्यादेखत त्याच्या बायकोस विचारतो, “वहिनी, ह्यांना कांहीं समजतं का हो?”

अलीशिबेस तें नांव कसें कळलें? देवदूतानें तें जखऱ्यास सांगितलें होतें, तिला नव्हे. शास्त्र येथें मुकाट आहे. मला वाटतें, त्या नऊ महिन्यांत त्या दोघांनीं आपली एक भाषा उभी केली असली पाहिजे. पाटीची, बोटांची, डोळ्यांची. तिनें बसून ऐकलें होतें. म्हणून लोकांपुढें ती उभी राहिली तेव्हां तिनें आपल्या आवडीचें नांव सांगितलें नाहीं, त्यानें तिला कळविलेलें सांगितलें. आपल्या शास्त्रांत पवित्र आत्म्यास ‘कैवारी’ म्हटलें आहे; आणि योहानाच्या सोळाव्या अध्यायांत प्रभु त्या कैवाऱ्याची खूण सांगतो ती हीच कीं, तो आपल्या मनचें बोलणार नाहीं, जें ऐकेल तेंच सांगेल. आजाऱ्याचा कैवार घेणें म्हणजे त्याच्या जागीं बसून आपण बोलणें नव्हे. त्याचें ऐकावें, तेंच पुढें न्यावें, आणि लोक ऐकेनासे झाले तर पाटी त्याच्याच हातीं द्यावी. जखऱ्यानें लिहिलें तें नांव नवें नव्हतें. अलीशिबेनें सांगितलेलेंच होतें.

हें किती अवघड आहे तें डोंबिवलींतील एका घरीं मीं पाहिलें. घरधनी कारखान्यांत कामास होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पत्नी पहांटेच उठून केसपेपरच्या रांगेंत उभी राही. डॉक्टरांपुढें पांच मिनिटें मिळत, त्यांत ती भराभर सर्व सांगे: जेवतात, झोपतात, बरें आहे. ते मान हालवीत, ती म्हणे, “अहो, थांबा, मी सांगतेंय ना.” पुढें मंडळींतील एका भगिनीनें पुठ्ठ्यावर चित्रें चिकटवून दिलीं: पाणी, संडास, पोट, खांदा, ऊन, झोप. एके दिवशीं त्यांनीं खांद्यावर बोट ठेविलें तें उचलीना. उठवितांना घरचे त्यांस लुळ्या हाताला धरून ओढीत, त्यानें खांदा निसटूं लागला होता. कित्येक महिने ते हेंच सांगत होते. त्या बाईइतकी सेवा मीं क्वचित् पाहिली आहे. तिची माया कमी नव्हती. तिला कोणी दहा मिनिटें दिलीं नव्हतीं.

म्हणून सांगतों: प्रश्न एका वेळीं एकच, आणि ‘हो-नाहीं’त उत्तर देतां येईल असा विचारा. विचारल्यावर गप्प बसा. मनांत शंभर मोजा. त्याचा शब्द तुम्हीं पुरा करूं नका. लुळ्या हाताला धरून उठवूं नका. पडलेल्या मनुष्यास निजवून भरवूं नका, बसवून भरवा. घास श्वासनलिकेंत जातो. रक्तदाबाची गोळी बरें वाटलें म्हणून बंद करूं नका. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा झपाट्यानें होते, पुढें ती मंदावते, पण थांबत नाहीं. वर्षांनंतरहि बोटें उघडलेलीं व शब्द परत आलेले आहेत. “आतां जें व्हायचें तें झालें” असें सांगणारा, मग तो कोणीहि असो, फार लवकर बोलतो.

महाराष्ट्रानें एक पाटी पाहिली आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. ते आपल्या मंडळीचे सभासद झाले नाहींत, आणि आपल्या धर्माविषयीं त्यांचें मत सर्वस्वीं आपल्यासारखें नव्हतें. तरी जें खरें तें सांगितलें पाहिजे. 1888 च्या मे महिन्यांत मुंबईस लोकांनीं त्यांस ‘महात्मा’ ही पदवी दिली, आणि दोनच महिन्यांनीं, जुलैंत, पक्षाघातानें त्यांची उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं उपचार केले, सावित्रीबाईंनीं सेवा केली. जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हें पुस्तक 1889 मध्यें त्या हातानें लिहून पुरें केलें. 28 नोव्हेंबर 1890 रोजीं ते वारले. पुस्तक 1891 मध्यें छापून निघालें. दरम्यान घरांत पैशाची ओढ होती. तेव्हां 1890 मध्यें मामा परमानंदांनीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांस पत्र लिहून जोतीरावांसाठीं साहाय्य मागितलें. मामांनीं पुस्तक लिहिलें नाहीं, तें काम जोतीरावांचें. मामांनीं अर्ज लिहिला.

असे अर्ज लिहिणारे मंडळींत पाहिजेत. राज्य शासनाच्या आरोग्य योजनेस 2017 पासून त्याच जोतीरावांचें नांव आहे. योजनेंतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला जाऊन विचारावें. कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचें रुक्मिणीबाई, डोंबिवलीचें शास्त्रीनगर, येथें आमचीं माणसें जातात. त्यांच्याबरोबर एक वाचतां-लिहितां येणारा तरुण गेला तर घरच्या बाईचा अर्धा दिवस वांचतो. 2016 चा दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून अंमलांत आहे. त्यांत 21 प्रकारचीं अपंगत्वें मोजिलीं आहेत, आणि हातापायांच्या अपंगत्वाहून निराळें असें वाचा व भाषा यांचें अपंगत्व त्यांत आहे. मेंदूच्या दुखण्यानें आलेला कायमचा वाचाघात तेथें नांवानिशीं लिहिला आहे. हातापायांचें प्रमाणपत्र घेऊन लोक घरीं बसतात आणि वाचेचें तपासून घेत नाहींत. कायद्यानें नेमलेल्या सवलतींस बहुधा 40 टक्के अपंगत्व लागतें. दोन्हीं बाजूंचें माप झालें तर कधीं तेवढ्यानें निकाल फिरतो.

याच कायद्याचें 13 वें कलम सांगतें कीं, दिव्यांग मनुष्य कायद्यापुढें इतरांच्या बरोबरीनें उभा आहे. त्याची मिळकत व त्याचा पैसा त्याचाच. 14 व्या कलमाप्रमाणें, पुरेसा आधार देऊनहि ज्यास बंधनकारक निर्णय करतां येत नाहीं, त्याला जिल्हा न्यायालय किंवा नेमलेला अधिकारी मर्यादित पालक देऊं शकतो. पण त्या पालकानेंहि त्या मनुष्याचा विचार घेऊनच निर्णय करावयाचा आहे. हें मी व्यासपीठावरून कां सांगतों तें आमच्या जिल्ह्यांतील खेड्यांस निराळें समजावून द्यावयास नको. जमिनीचा भाव चढला आहे. बोलतां न येणाऱ्या बापाचा अंगठा शाईंत बुडवून सात-बाऱ्याच्या कामाच्या कागदांवर उठविणें फार सोपें झालें आहे, आणि उठविणारे परके नसतात. रविवारीं पुढच्या बांकावर बसणारेहि त्यांत असूं शकतात. त्यांस माझें सांगणें एवढेंच: कागद त्याच्यापुढें धरा, शांतपणें वाचून दाखवा, दोन वेळां निराळ्या रीतीनें विचारा, साक्षीला घराबाहेरचा मनुष्य ठेवा. त्यानें मान फिरविली तर कागद घडी करून ठेवा. पंचांनीं अशा व्यवहारांत साक्ष घालण्यापूर्वीं आजाऱ्यास स्वतः भेटावें.

अलीशिबाहि त्या काळांत म्हातारी व गरोदर होती, हें आपण विसरतों. सेवा करणारीस कोणी विचारीत नाहीं. पक्षाघात झालेल्यांपैकीं सुमारे तिघांत एकास खिन्नतेचें दुखणें लागतें, आणि शेजारीं बसणारीसहि तें लागतें. त्यावर औषध आहे, तें घेण्यांत विश्वासाची उणीव नाहीं. मंडळीनें तिला आठवड्याचे तीन तास मोकळे करून द्यावे. दोन भाऊ आजाऱ्यापाशीं बसले तर ती बाजारास जाईल, केंस धुवील, नाहीं तर नुसती झोपेल. तिनें ते तास प्रार्थनासभेंतच घालवावे अशी अट घालूं नये.

आणि पाळकबंधूंनो, प्रभुभोजन घेऊन अशा घरीं जाल तेव्हां भाकर आधीं लहान तुकडे करून भिजवा, आणि पत्नीस विचारण्याऐवजीं त्यालाच विचारा कीं घेणार का. मग थांबा. उत्तर यावयास वेळ लागेल. डोंबिवलीच्या त्या घरीं तें घड्याळाच्या दोन मिनिटांनीं येतें, डाव्या हाताचीं बोटें वर करून.