138.68 मीटरचा भूगोल

धारमधल्या मराठी घरांत इतिहास शाळेच्या आधीच सुरू होतो. पवारांची गादी, गावातला किल्ला, 1761 साली पानिपतावर पडलेले यशवंतराव पवार, हे सगळं जेवताना कानावर पडत असतं. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी, पण इतिहासाच्या तासाला दोन्ही एक व्हायची. घरी ऐकलेलं नाव छापील पुस्तकात सापडलं की मूल त्या पुस्तकाचं होऊन जातं. मला इतिहास आवडला तो यामुळे.

गणिताचा मात्र मनापासून राग होता. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, मग टाकी केव्हा भरेल? कुणाची टाकी, ती भरायची कशासाठी, दुसरा नळ बंद का करत नाहीत, हे विचारायची सोय नव्हती. आणि भूगोल? तो ना आवडता होता ना नावडता. काळी माती, कापूस, सोयाबीन, चंबळचं खोरं. पाठ करायचं आणि गुण घ्यायचे. समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून समान उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेषा, ही व्याख्या मला अजून पाठ आहे. अकरावीला विज्ञान घेतलं आणि भूगोल संपला. तो हातून गेला याची रुखरुख फार उशिरा लागली.

पुष्कळ वर्षं माझी समजूत अशी होती की, विषयाची आवड म्हणजे शिक्षकाची आवड. बाई चांगल्या तर विषय चांगला. यात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे, हे मला निसरपूरमुळे कळलं.

धारहून कुक्षीमार्गे नर्मदेकडे उतरताना निसरपूर लागायचं. बाजारपेठेचं मोठं गाव. ते थेट नर्मदेच्या काठावर नव्हतं, तिला मिळणाऱ्या उरी-बाघनीच्या काठावर होतं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा पायाचा दगड नेहरूंनी 1961 साली तिकडे गुजरातेत बसवला. नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979 च्या निवाड्यात जलाशयाची पूर्ण पातळी 455 फूट ठरवली, म्हणजे 138.68 मीटर. त्यानंतर चाळीस वर्षं निसरपूरच्या माणसांच्या तोंडी हा आकडा होता. धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने चढत गेली, 2017 मध्ये दरवाजे बंद झाले, आणि 2019 च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. जुनं निसरपूर त्यात गेलं.

या चाळीस वर्षांत गावापुढे आलेले प्रश्न पाहिले की मी थक्क होतो. डूब माझ्या ओट्यापर्यंत येणार की शेजाऱ्याच्या? शेत बुडालं नाही, पण चहूबाजूंनी पाणी आलं, तर त्याला काय म्हणायचं? हा सगळा निव्वळ भूगोल आहे, आणि तोही आमच्या पुस्तकातल्या त्या एका व्याख्येतला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा साधारणपणे दर 20 मीटरला असते. एक रेषा 120 ची, पुढची 140 ची. 138.68 ची रेषा त्या नकाशावर नसतेच. महाराष्ट्राच्या बाजूला, अक्कलकुवा-अक्राणीत, सातपुड्याचे उतार उभे आहेत. तिथे पाणी मीटरभर चढलं तर डोंगराच्या अंगावर थोडंसं सरकतं. निमाडची जमीन सपाट. इथे पाणी मीटरभर चढलं की शेतांमागून शेतं जातात आणि उपनद्यांच्या तोंडांतून ते आत शिरतं. निसरपूरला पाणी आलं ते असंच, उपनदीतून.

आणि गणित! जलाशयाचं पाणी टाकीतल्यासारखं सपाट राहत नाही. पूर येत असताना वरच्या अंगाला ते फुगून चढतं. त्याला बॅकवॉटर म्हणतात. किती चढेल, हा हिशेब आहे, आणि तो शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरून करतात. हा हिशेब मध्येच नव्याने मांडला गेला आणि मध्य प्रदेशातली 15,946 कुटुंबं बुडिताच्या बाहेर ठरली. कागदावर उतार बदलला आणि घरं कोरडी झाली. 2023 च्या सप्टेंबरात धार-बडवानीतल्या अनेक गावांमध्ये पाणी आखलेल्या रेषेच्या वर आलं.

शंभर वर्षांतून एकदा म्हटलं की माणसाला वाटतं, आपल्या हयातीत काही हा येत नाही. पण त्याचा अर्थ एवढाच की, दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे. तीस वर्षं त्या घरात काढली तर निदान एकदा तो येण्याची शक्यता जवळजवळ 26 टक्के होते. नळ-टाकीऐवजी हे उदाहरण कुणी आम्हाला घातलं असतं तर गणिताशी माझं इतकं वैर झालं नसतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तेव्हापासून माझ्या मनातला प्रश्न बदलला. विषय कोणता आवडला, हे राहिलं बाजूला. त्या विषयात आपण होतो का, हे मी विचारू लागलो. इतिहासात मी होतो. भूगोलात निसरपूरचं पोर नव्हतं, त्याच्या गावावरून रेषा जात असूनही.

मुलाला विषयात आणणारं शिकवणं करून पाहणारी माणसं आमच्याच भागात होऊन गेली. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या 16 शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. अनिल सद्गोपालांची किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो उभा केला, 1982 पासून 'एकलव्य'ने सांभाळला, आणि तो माळव्यात देवास, उज्जैनपर्यंत आला. मुलं शेतावर, नाल्यावर जायची, हाताशी असेल त्यातून प्रयोग करायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडून भूमितीच्या आकृत्या करू लागले. महाराष्ट्राला ते पुढे खेळण्यांमुळे माहीत झाले. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केला. मला ही फार मोठी हानी वाटते. विज्ञानाच्या शेजारी भूगोलही तसाच रुजला असता.

नर्मदेच्याच खोऱ्यात, महाराष्ट्राच्या बाजूला, 1990 नंतरच्या वर्षांत नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या पाड्यांवर जीवनशाळा काढल्या. जिथे सरकारी शाळा कागदावरच होती, तिथे मुलं आपल्या बोलीतून शिकायला लागली.

आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती साधी वाटली: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. निसरपूरनंतर तीच यादी वाचली आणि मोडीपाशी थांबलो. त्या काळी जमिनीचे, कर्जाचे कागद मोडीत असत. ज्याच्या अंगठ्यावर ते कागद चालत, त्याला ते वाचता आले पाहिजेत, इतका नेमका विचार त्या एका शब्दामागे मला दिसतो. आजचे तसे कागद म्हणजे पातळ्यांचे तक्ते आणि नकाशे.

गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक इकडे धरतो, एक तिकडे. यंत्र लागत नाही. एवढ्या साधनावर आठवीचा वर्ग शाळेच्या पायरीपासून नदीकाठापर्यंत जाऊ शकतो, प्रत्येक घराचा ओटा पायरीपेक्षा किती खाली आहे ते वहीत मांडू शकतो, आणि सारख्या उंचीची घरं जोडून आपल्या गावाची समोच्च रेषा स्वतः काढू शकतो. निसरपूरची मुलं आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. तिथून खाली जलाशय आहे, पावसाळ्यात तो चढतो. पहिलं माप तिथेच घेता येईल.