दार मोकळं असावं

पहाटे दाराशी सडा पडतो, रांगोळीच्या चार रेघा उमटतात. घरात अजून चहाही झालेला नसतो, तेव्हा दार तयार असतं. येणाऱ्यासाठी. दार मोकळं असावं, ही आपल्याकडची जुनी रीत.

पूर्वी अंगणाच्या कडेला पाय धुवायला पाणी भरून ठेवलेलं असे. बाहेरची धूळ बाहेरच राही. आज फ्लॅटच्या दाराशी जागा हातभर. तिथंच चपलांचा ढीग, त्यावर ओली छत्री. घरातली आजी भिंतीला धरून, त्या ढिगातून एकेक पाऊल जपून टाकते. मला वाटतं, नीटनेटकेपणाचं खरं कारण हेच. शोभा नंतर. दार मोकळं असावं, ते तिच्या पावलांसाठी.

आणि हे काम एकट्या आईचं नव्हे. ज्यानं चप्पल काढली, त्यानंच ती कडेला जोडीनं ठेवावी. वाकायला क्षणभर लागतो. तेवढ्यात आपण मागून येणाऱ्याचा विचार केलेला असतो. तो कोण, हे ठाऊकही नसतं. शेजारीण असेल, दमून आलेली लेक असेल.

मंडळी, आज बाहेर पडताना दाराशी जरा थांबा. कुणाची चप्पल वाटेत आली असेल, तर हातानं उचलून बाजूला ठेवा.