रिकामा डबा

शाळेंतून घरीं आलेल्या मुलाच्या दप्तरांतून आई प्रथम बाहेर काढते तो डबा, वह्यापुस्तकें मागाहून. झांकण उघडल्यावर डबा रिकामा दिसला कीं तिच्या मुद्रेवर समाधान पसरतें, आणि अर्धी पोळी वातड होऊन पडलेली दिसली कीं चौकशीला आरंभ होतो. रिकाम्या डब्यावरचा आपला हा विश्वास मोठा नवलाचा आहे. वास्तविक रिकामा डबा एवढेंच सांगतो कीं, सकाळीं भरलेले पदार्थ आतां त्यांत नाहींत. ते कोणाच्या पोटांत गेले, याविषयीं तो मुका असतो.

माझ्या दुसरींतल्या नातवाचा डबा कित्येक महिने असा लख्ख रिकामा येत होता. सून पहाटे उठून मोठ्या आस्थेनें तो भरते. कधीं नाचणीचें धिरडें, कधीं पालक घातलेलें थालीपीठ, कधीं मोड आलेल्या मटकीची उसळ. लहान कप्प्यांत गाजराच्या चकत्या नाहींतर चिकूच्या फोडी. शंभर ग्रॅम नाचणींत तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, हें तिला पाठ आहे आणि तिच्यामुळें आतां मलाही. एकदां पालकसभेस तिच्याऐवजीं मी गेलों. तेथें नातवाच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाची आई भेटली व कौतुकानें म्हणाली, "आजोबा, तुमच्या सूनबाईंच्या हातचं थालीपीठ आमच्या मुलाला फार आवडतं हं. रोज घरी येऊन सांगतो." त्या 'रोज' शब्दानें सारा उलगडा झाला. त्या बाईंना सहाच्या आधीं कामावर निघावें लागतें; मुलाच्या डब्यांत बहुधा वेफरांची पुडी किंवा क्रीमचीं बिस्किटें असतात. मधल्या सुटींत दोघे डब्यांची अदलाबदल करीत.

घरीं मीं नातवाला एकांतांत विचारलें, "काय रे, त्याला भूक लागते म्हणून देतोस, की तुला वेफर हवे म्हणून?" त्यानें क्षणभर विचार केला आणि सांगितलें, "दोन्ही, आजोबा." मोठमोठ्या दात्यांनीं हा प्रश्न स्वतःला विचारला, तर इतकें सरळ उत्तर किती जण देतील, कोण जाणे!

सुनेला राग आला, आणि तो अयोग्य होता असें मला म्हणवत नाहीं. "मी पाच वाजता उठते ती काय वेफरांसाठी?" हा तिचा प्रश्न. उलट, वाटून खावें हा धडा आमच्याच घरांत दिला जातो. एकटा खाणारा पापच खातो, हा विचार ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे, आणि त्याच्याच जवळचा गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत. आपण तो मुलांना शिकवितों, पण मनांत एक पोटकलम राखून: वाटावें तें उरलेलें. येथें खरा प्रश्न उभा राहतो. हा डबा कोणाचा? मुलाला दिला असेल, तर त्याचें काय करावें हें ठरविण्याचा अधिकार मुलाचा. आईला तसें वाटत नाहीं. तिच्या लेखीं तो डबा मुलाच्या हाडामांसाला दिलेला असतो, आणि मूल त्याचा केवळ हमाल. सात वर्षांच्या वयाला हिताहित कळत नाहीं, म्हणून ही भूमिका सहसा टाकवतही नाहीं. परंतु मुलाच्या हातांतली प्रत्येक वस्तु आपण अशी आधींच त्याच्या हितासाठीं राखून ठेवली, तर औदार्य करावयाला त्याच्यापाशीं उरतें काय?

मीं तोड सुचविली: त्या मुलासाठीं एक थालीपीठ अधिक द्यावें. सुनेनें लगेच मान्य केलें. नातवानें मात्र मान हलविली. "तो असं नाही घेणार. आणि मग मला वेफर कोण देणार?" प्रथम मला यांत लबाडीच दिसली. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आलें कीं, त्याच्या बोलण्याचा पूर्वार्ध अधिक महत्त्वाचा होता. अदलाबदलींत दाता नाहीं आणि याचकही नाहीं. वेफर देऊन तो मुलगा थालीपिठाचें मोल चुकवीत होता व वर्गांत ताठ मानेनें बसत होता. आमचें जादा थालीपीठ त्याचें पोट भरील, पण 'ज्याला डबा पुरवावा लागतो तो मुलगा' असें त्याला करून टाकील. आमची तोड आरोग्याच्या दृष्टीनें सरस खरी. पण ती दोन मुलांतली बरोबरी मोडणारी होती.

एका पातेल्यांतून सर्वांना वाढलें जातें तेथें हा पेंच पडत नाहीं. मद्रास राज्यांत कामराज यांच्या कारकीर्दींत १९५६ सालीं शाळांतून दुपारचें जेवण सुरू झालें. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलें अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला. पुढें प्राथमिक वर्गांसाठीं एका मुलामागें दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें असें मान ठरलें. त्या खिचडीला नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत, पण तिच्या पंगतींत कोणाचा डबा कोणाहून चांगला नसतो. आमच्यासारख्यांचीं मुलें जातात त्या शाळांत पंगत नाहीं, डबे आहेत. २०२० सालच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनीं चरबी, मीठ व साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आंत विकण्यास बंदी केली, तें योग्यच झालें. परंतु बंदी झाली ती दुकानाला. घरून आलेल्या डब्याचें झांकण कायदा उघडीत नाहीं. वाढदिवसाला वर्गांत वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटांचें तर नांवच काढावयास नको. तीं आपणच नेतों, आणि इतरांहून कमी दिसूं नयेत म्हणून अंमळ भारीच नेतों.

सध्यां आमच्या घरीं असें चाललें आहे. डब्यांत थालीपिठें दोन असतात. दुसरें कोणासाठीं, हें कोणी बोलत नाहीं. त्या बाईंनीं एका सोमवारीं मुलाबरोबर घरीं केलेल्या शेंगदाण्याच्या वड्या पाठविल्या, आणि त्या दिवशींचा सौदा दोन्ही पक्षीं चोख झाला, असें नातवाचें मत पडलें. सून आतां "डबा संपवलास का?" असें न विचारतां "डबा संपला का?" असें विचारते. मागच्या गुरुवारीं दप्तराच्या तळाशीं वेफरांची एक चुरगळलेली पुडी मला सांपडली. ती मीं कोणाला न दाखवितां खिशांत घातली.